बर्फावरची शिस्त

२ डिसेंबर
नोएडाच्या मॉलमधल्या आइस स्केटिंग रिंकवर रुजू झालो. पद : सुपरवायझर. केंद्र सरकारात चौतीस वर्षं फायली हाकलेल्या माणसाला इथे काम काय, तर लोकांनी मोजे-ग्लव्हज घातलेत का ते कठड्याबाहेरून बघायचं. मॅनेजर अंकुर, वय अठ्ठावीस, मला ‘अंकल’ म्हणतो. उद्या समज देणार.

३ डिसेंबर
समज दिली नाही. तो बिझी होता.

७ डिसेंबर, दु. ३
पब्लिक थर्ड क्लास. तिकीट काढून पडायला येतात. पडतात, हसतात, सेल्फी काढतात, परत पडतात. गुडघे वाकवून पुढे झुकायचं, एवढी अक्कल नाही. एकाला कठड्यावरून सांगितलं, तर म्हणे, “अंकल, आप आके दिखाओ ना.” उद्धट.

११ डिसेंबर
कोच कृतिका उलटी स्केट करते. मागे जाण्यात कसलं कौतुक? म्हणाली, सर, एकदा या, मी हात धरते. नको म्हटलं. तंत्र सगळं डोक्यात बसलंय. पायांचा प्रश्न किरकोळ.

१५ डिसेंबर
नात अबोली (वय आठ) सुट्टीत सरोजिनी नगरहून आमच्याकडे गाझियाबादला येणार. फोनवर विचारलं, आजोबा, तुम्ही स्केटिंग करता ना? म्हटलं, बिल्कुल. खोटं नव्हे, आगाऊ माहिती. अलकनंदाने माझ्याकडे नुसतं पाहिलं. बायकोला व्हिजन कधीच नव्हतं.
ठराव : उद्यापासून रिंक उघडण्याआधी अर्धा तास सराव.

१६ डिसेंबर
धुकं. सराव रद्द.

१८ डिसेंबर
स्केट्स चावतात. डिझाइनच चुकीचं.

२० डिसेंबर
सराव केला. कठड्याबाहेर, बुटांवर. उत्तम जमलं.

२५ डिसेंबर, सं. ५
अबोली आली. बर्फावर उतरलो. दोन पावलं निर्दोष. तिसऱ्याला एक पाय गुडगावकडे, दुसरा मेरठकडे. बर्थडे पार्टीतली चार मुलं सोबत आडवी. लहान मुलांना आधाराला ठेवलेल्या प्लॅस्टिकच्या पेंग्विनवर बसवून कृतिकाने मला ढकलत बाहेर आणलं. पब्लिकने टाळ्या वाजवल्या. अबोली रडली. तिला म्हटलं, कसं पडू नये ते दाखवत होतो.

२९ डिसेंबर (डाव्या हाताने)
मनगट प्लास्टरमध्ये. बर्फ खडबडीत असल्याचं अंकुरला तोंडी कळवलं. आता बुटांच्या काउंटरवर बसतो. अबोली कृतिकाकडे शिकते. पडते, हसते, उठते. आज थोडी उलटीसुद्धा गेली. वाईट नव्हती.
अंकुर म्हणाला, अंकल, आप तो ऑफिस में थे, एक नोटिस बनवा दो. मी सांगितली, त्याने टाइप केली : साठीवरील व्यक्तींनी सोबतीशिवाय बर्फावर येऊ नये. एकही दुरुस्ती नाही.
अबोलीने अक्षरं लावत वाचली. विचारलं, आजोबा, हे तुमच्यासाठी ना? म्हटलं, माझ्यासाठी नाही, मी लिहिलंय. तिने जरा विचार केला, माझा चांगला हात धरला आणि म्हणाली, “मग चला ना. मी आहे सोबत.”
गेलो नाही. ड्यूटीवर होतो.
हात मात्र तिनेच सोडला. बऱ्याच वेळाने.