नळाला पाणी आलं

आर्वी, मंगळवार संध्याकाळ

आज नळ सुरू झाला! आम्ही घर खाली करावं म्हणून शेजारीच राहणाऱ्या घरमालकानं आमचं पाणी तोडलं होतं. सकाळी घाबरतच कोर्टातल्या मोफत सल्ला केंद्रात गेले. वाटलं, कलमं ऐकवतील, मला काय कळणार? पण वकीलबाई सरळ म्हणाल्या, "घर खाली करायले भाडेकरूचं पाणी तोडता येत नाई. तुमी काऊन भेता?"

खरंच, काऊन भ्याले मी इतके दिवस?

त्यांनी तिथूनच घरमालकाला फोन लावला. घरी पोचले, तर सासूबाई धो धो वाहणाऱ्या नळाखाली हंडे भरत होत्या. मला बघून ओरडल्या, "आन वो बादली, त्याचंबी अंगण धुऊन देऊ!"

दिलं धुऊन. दोघी हसत हसत चिंब भिजलो.