टीनाचं बयान

सानगडी, मंगळवार

व्याहीबुवा लक्ष्मणरावजी यांना तुलारामचा रामराम. गेल्या बुधवारी पाहिला त्यापेक्षा तुमचा गुडघा बरा असेल. इकडे सगळे खुशाल. फक्त माझी छाती धडधडते, पण ती तुमची लेक आमच्या घरी सून होऊन आली त्या दिवसापासूनच धडधडते, तेव्हा काळजी नसावी.

मागल्या आठवड्यात सोमवारी आपली नात टीना चहा पिता पिता म्हणाली, "आबाजी, मले पंधरा तारखेच्या आत स्टेटमेंट द्याचं आहे." माझा कप हातातच राहिला. स्टेटमेंट म्हणजे बयान, आणि बयान कोण घेतं हे चौथी पास माणसालाही कळतं. (पाचवीतही मी बसलो होतो, पण ती मोजत नाही.) पोरगी नुसती लॅपटॉपवर लिहायची अन् पुसायची. म्हटलं, अडकली कुठल्या तरी साक्षीत! धावत पोलीस पाटलाकडे, आमच्या गोमाजीकडे गेलो आणि नाव न घेता विचारलं. (आमच्या घरात एकच पोरगी आहे, हे वाटेत परतताना लक्षात आलं.) तो म्हणाला, "काका, बयानात जास्त बोलाचं नाही. इचारलं तेवढंच सांगाचं."

मी टीनाला तसंच सांगितलं, "लिव, मी त्या दिवशी गावात नव्हती, मले काही मालूम नाही." ती एवढी हसली की तुमच्या विहीणबाई, म्हणजे आमच्या शकुनबाई, भात गॅसवर ठेवून बाहेर आल्या. "आबाजी, हे कॉलेजले लिवून देवाचं आहे. एम.एस्सी. कायले कराची आहे, ते."

मग मी दोन दिवस तिच्या शेजारी बसून मदत केली. सुरुवातीला कॉलेजची खुशाली विचार आणि शेवटी लहानांस आशीर्वाद लिही, एवढंच माझं म्हणणं होतं. तिनं दोन्ही गाळलं. काल तिनं आपलं इंग्रजी बयान मला मराठीत समजावून सांगितलं, ते असं: गावानं लुचई हे जुन्या वाणाचं धान सोडलं, पण माझ्या आबाजीनं शेतातल्या दोन बांध्या त्याच्यासाठी राखल्या. ते बियाणं कसं टिकवायचं हे शिकून मला सानगडीलाच परत यायचं आहे. (शकुनबाईंना दुसरा भात चालत नाही म्हणून राखल्या, पण बयानात जास्त बोलायचं नाही.) अक्षर सुंदर आहे, म्हणालो. ते टाइप केलेलं होतं.

आपला,
तुलाराम

ता. क. तिच्या शिक्षणाला माझा पहिल्या दिवसापासून पाठिंबा आहे. कोणी विचारलं तर असंच सांगावं.

पुन्हा ता. क. हे फोनवर बोललो असतो, पण घरात सगळ्यांचे कान उभे असतात. कॉलेज हैदराबादला आहे हे कळल्यावर मी बुधवारी तुमसरला आलो, तो तुमच्या भेटीसाठी नव्हे. तुमच्या गल्लीतल्या मारुतीला नवस बोललो, की पोरीला तिथं जागा मिळू नये, अकरा नारळ फोडीन. तो नवस मागे घ्यायचा आहे. मी पुन्हा आलो तर शकुनबाई खोदून विचारतील. तेव्हा तुम्हीच जा आणि माझं नाव घेऊन साफ सांगा. नारळ अकराच्या अकरा फोडा. मात्र शनिवारची वाट पाहू नका. त्या दिवशी गर्दी असते आणि कोणी काय मागितलं ते मारुतीच्या ध्यानात राहत नाही.