हेटमनच्या बापाविषयी

बफेलो कूली संशोधन केंद्र, अल्बर्टा
५ फेब्रुवारी

तीर्थरूप मेट्रोमामांस,

तुमची (हे पत्र वाचून होईपर्यंत तरी) लाडकी भाची लेस्या हिचा दोन्ही गुडघे टेकून नमस्कार. मामींनाही सांगावा. तुमचा उजवा गुडघा कसा आहे? ऍरिझोनाच्या उन्हात तो न कुरकुरता वाकतो, असं मामींनी कळवलं होतं. इथे परवा उणे सदतीस होतं आणि आमचे धडधाकट गुडघेसुद्धा कुरकुरत होते. मामी हृदयाच्या गोळ्या वेळेवर घेतात ना? पत्त्यांत त्यांना दर डावाला हरवायचा हट्ट तुम्ही सोडलात का? (डॉक्टरांनी त्रागा करायची मनाई फक्त मामींना केली आहे, तेव्हा तुम्हाला मोकळीक आहे, हा तुम्ही लावलेला अर्थ चुकीचा आहे.) तुम्ही तिकडे हिवाळा काढताय, पण इथे तुमच्या गाई खुशाल आहेत. ट्रॅक्टर एकदाच बंद पडला आणि शिव्या दिल्यावर सुरू झाला. तुमच्याच शिव्या दिल्या, माझ्या त्याला कळत नाहीत.

फोन करायचा सोडून पत्र का लिहितेय, असं तुम्ही विचाराल. मामा, फोनवर न आवडणारं वाक्य आलं की तुमचा फोन नेमका तेव्हाच हातातून पडतो. पत्र पडलं तर उचलून पुढचं वाचता येतं. तेव्हा हे पडलं तर कृपया उचलावं.

माझं काम नेमकं काय, हे तुम्ही गावात अजून कोणाला धड सांगितलेलं नाही, हे मला ठाऊक आहे. पेट्रोल पंपावरच्या कॉफीच्या टेबलावर मला ‘गाईंचा वारा मोजणारी’ म्हणतात आणि तुम्ही तिथे बसून खिदळता. चार वर्षं घसा फोडून सांगतेय की हा वायू मागून येत नाही, पुढून येतो. गाय रवंथ करते, ढेकर देते, त्या ढेकरेतून मिथेन बाहेर पडतो आणि आभाळ तापवतो. पण लोकांना मागची बाजूच जास्त आवडते. गेल्या शरदात एडमंटनचा एक वार्ताहर आला, तो दोन तास कॅमेरा घेऊन वळूंच्या शेपटाकडे उभा राहिला. मी त्याला दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा वळूनेच सांगितलं. त्याचा कोट आम्ही इथेच धुऊन दिला.

तर माझं काम म्हणजे वळू, वळूंचे मालक आणि शास्त्रज्ञ या तिघांना एका छपराखाली नांदवणं. त्यांत वळू सगळ्यांत सोपे. कुरणाच्या कोपऱ्यात तो हिरवा डबा उभा आहे ना, त्यात वळूने तोंड घातलं की कानातला बिल्ला वाचून डबा त्याला ओळखतो, पेंडीच्या गोळ्या थोड्या थोड्या टाकतो, आणि वळू खातो तोवर त्याचा श्वास ओढून घेऊन मोजतो. वळूला वाटतं आपण डब्याला लुबाडतोय, डब्याला वाटतं आपण वळूला. असा सुखाचा संसार मी माणसांत पाहिलेला नाही. मालकांचं तसं नाही. एकाचा वळू जास्त ढेकरा देतो असं निघालं, तर त्याने मला विचारलं, ‘म्हणजे माझ्या गोठ्याला संस्कार नाहीत म्हणतेस का तू?’

आता तुमच्या हेटमनविषयी. (इथे तुमची छाती फुगली असेल. फुगू दे, पुढे उपयोगी पडेल.) मामा, असा वळू मी माझ्या नोकरीत पाहिला नाही. बाकीचे डब्याला ढुशा देतात, एकमेकांना रेटतात. हेटमन येतो, चर्चमध्ये टोपी काढून शिरावं तसं डोकं आत घालतो, गोळ्या संपल्या की बाजूला होतो. तितकंच खाऊन, तितकंच वजन धरून त्याचा मिथेन इतरांपेक्षा सातवा हिस्सा कमी. एकदा नाही, तीन वर्षं, थंडीत, उन्हाळ्यात, प्रत्येक मोजणीत. आणि त्याच्या चोवीस मुली गेल्या वर्षी डब्यापुढे आल्या, त्यांतही तेच उतरलेलं. एका वळूने काही आभाळ थंड होत नाही, पण त्याच्या मुली, मुलींच्या मुली, असं चढत जातं. खाणं बदलायला नको, औषध नको, वंशच सुधारायचा. ओडेट म्हणते, ‘यासाठीच मी माँट्रियाल सोडून या बर्फात आले.’

ओडेट म्हणजे आमच्या डॉक्टर गान्यों, ज्यांना तुम्ही पहिल्या दिवशी ‘पुस्तकातली गाय पाहून आलेली बाई’ म्हणालात आणि महिन्याभरात ज्यांच्या ताटात मामींच्या हातच्या पिरोही, बटाटा भरून उकडलेल्या, स्वतः वाढू लागलात. ही बाई उणे तीसमध्ये गवतावर पालथी पडून डब्याचा गोठलेला पंखा आपल्या श्वासाने वितळवत होती, हे मी डोळ्यांनी पाहिलं. वळूंशी ती फ्रेंचमध्ये बोलते आणि तेही ऐकतात. मार्चमध्ये पैसे देणाऱ्या समितीपुढे तिला चार वर्षांचा हिशोब मांडायचा आहे. चारशे गाईंचा कळप टिकला तर पुढची पाच वर्षं मिळतील, नाही टिकला तर डबा उचलून नेतील. त्या चारशेतल्या निम्म्या तुमच्या. तुम्ही ‘गाई काढून नेतो’ अशी धमकी आजवर अकरा वेळा दिली आहे, एकदा तर नुसत्या कॉफीत साखर कमी पडली म्हणून. ओडेट प्रत्येक वेळी खरी समजते आणि जेवत नाही.

नमनालाच घडाभर तेल जळलं. मुद्द्यावर येते. म्हणजे येण्याचा प्रयत्न करते.

समितीपुढे पहिला प्रश्न येणार, हा गुण हेटमनला आला कुठून? तुमच्या खिशातल्या वहीत पेन्सिलीने लिहिलंय, बाप बोहदान. म्हणून आम्ही बोहदानचे इतर सहा मुलगे आणले. मामा, ते सहाही असे ढेकरा देतात की डब्याने दमून दोनदा बंद पडून दाखवलं. ओडेट तीन आठवडे सैरभैर. तिने डबा उघडून तपासला, गोळ्या बदलल्या, कानातले बिल्ले तपासले, शेवटी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू मीच फेरफार केला असावा. मुलींत आहे, पण भावांत नाही, असा गुण हवेतून पडतो का?

आता आपल्याकडे वासराचा बाप कसा ठरतो, ते तुम्हीच मला शिकवलंत. गाय ज्या कुरणात, त्या कुरणातला वळू तो बाप. साक्षीपुरावा काही नाही, कुरणाच्या नावावर बाप. इकडचे सगळे तसंच करतात आणि वही छातीशी बाळगतात. मी भीतभीत तुम्हाला नाताळात म्हटलं, शेपटीचे चार केस घेऊन डीएनए पाहू का? तेव्हा तुम्ही काय म्हणालात ते मामींनीही ऐकलं आहे. ‘पाहा की! आत्ता पाहा! माझ्या कुरणात परका वळू शिरला असेल तर ही मिशी उतरवून ठेवीन.’ आणि स्वतः जाऊन केस उपटून आणलेत. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण तुमचा हात धरणार कोण?

केसांचं उत्तर मागच्या सोमवारी आलं. मामा, बसला आहात ना? बोहदान हेटमनचा बाप नाही. बाप म्हणजे एक तरुण, देखणा, चांगल्या घरचा वळू. नोंदणी झालेला, डीएनएसकट कागदपत्रं चोख. घर लांबही नाही. म्हणजे अगदीच लांब नाही. म्हणजे तुमच्या पूर्वेच्या कुंपणावर उभं राहून टोपी फेकली तर जिथे पडेल तिथलाच. त्याचं नाव स्वेन, आणि मालकाचं नाव एनार तोर्गरसन.

(इथे पत्र पडलं असेल. थांबते.)

उचललंत? धन्यवाद. आता ऐका. बर्फावर दगड घसरवायच्या त्या कर्लिंगच्या खेळात शेवटचा दगड मध्याच्या जवळ कोणाचा होता, यावरून तुम्ही दोघं एकतीस वर्षं बोलत नाही, हे मला मान्य. फरक अर्ध्या इंचाचा होता आणि मोजपट्टी त्यांच्या चुलतभावाची होती, हेही मान्य. तोर्गरसनांचा वळू म्हणजे गावभर हुंदडणारं कार्टं आणि आपला तो बाब्या, हे तर मी लहानपणापासून पाठ केलंय. पण आता बाब्याचाच बाप ते कार्टं निघालं, त्याला मी काय करू? हेटमनचा मोठेपणा यात तिळभर कमी होत नाही. आई तुमची, गवत तुमचं, शिस्त तुमची. त्याला चर्चमध्ये गेल्यासारखं वागायला तुम्हीच शिकवलंत, स्वेनने नव्हे. तुमच्यासारखा गुराखी या जिल्ह्यात दुसरा नाही, हे मी भाची म्हणून म्हणत नाही, नोकरी म्हणून म्हणते. आठ मालकांच्या नोंदी माझ्याकडे आहेत. तुमच्या वहीत वजनं, वेताच्या तारखा, आजारपणं, एकही खोटी नाही. इतक्या वर्षांत एकच ओळ चुकली, आणि ती चुकवणारा चार पायांवर आला होता.

मिशीबद्दल माझ्याकडून कोणाला काही कळणार नाही. ओडेटला मिशा आवडतात.

बाकी सर्व क्षेम. मामींना सांगा, गोठवलेल्या पिरोहींची शेवटची पिशवी मी पुरवून पुरवून खातेय. उन्हात टोपी घालत जा, पाणी पीत जा आणि त्या शेजारच्या मिनेसोटावाल्याशी गव्हाच्या जातींवरून भांडू नका.

तुमची आज्ञाधारक (बहुतेक वेळा),
लेस्या

ता.क. सोबत एक कागद आहे. त्यात हेटमनच्या बापाच्या रकान्यात ‘बोहदान’ खोडून ‘स्वेन’ लिहिलंय. खाली तुमची सही लागते, २० फेब्रुवारीच्या आत पोचली पाहिजे. सही नसेल तर हेटमन आणि त्याच्या चोवीस मुली हिशोबातून वगळाव्या लागतील. मग समितीपुढे ओडेटकडे एक रिकामा डबा आणि एक गोठलेला पंखा उरेल. एवढं लांबलचक पत्र या सहीसाठीच लिहिलं, हे तुम्ही दुसऱ्या ओळीतच ओळखलं असणार.

ता.क. २. रागावू नका. स्वेनचं नाव घालायचं म्हणजे एनारकाकांचीही सही लागते, म्हणून मी त्यांच्या घरी गेले. (होय, काका म्हटलं. होय, स्वयंपाकघरात बसले. होय, बटाट्याची पातळ पोळी लोणी-साखर लावून दिली, ती खाल्ली, दोन खाल्ल्या.) मला वाटलं होतं, बातमी ऐकून ते टेबलावर नाचतील. त्यांनी माझा कप भरला आणि म्हणाले, ‘ठाऊक आहे मला. साडेपाच वर्षं झाली.’ ती जुलैतली गोष्ट, मामींचं हृदयाचं ऑपरेशन झालं आणि तुम्ही एडमंटनला नऊ दिवस इस्पितळाच्या खुर्चीत झोपत होता तेव्हाची. गवत कापता कापता त्यांना स्वेन तुमच्या गाईंत दिसला. ओटची बादली दाखवून त्यांनी त्याला परत नेलं आणि तुटलेलं कुंपण सांधलं. मामा, ते कुंपण तुमच्या वाट्याचं होतं. तीन खांब नवे घातले, तार नवी ओढली. मी विचारलं, मग कधी सांगितलं का नाहीत? तर म्हणाले, ‘त्याची बायको मरता मरता वाचली होती. तेव्हा काय कुंपणाचं सांगायचं? आणि पुढे सांगावं, तर तो वळूचं इतकं कौतुक करायचा, की म्हटलं, राहू दे. आता कशी आहे ती?’ मी म्हटलं, पत्त्यांत हरते आणि चिडते. तेव्हा कुठे हसले आणि सही केली.

ता.क. ३. उठून निघाले तर दारापर्यंत पोचवायला आले आणि तिथेच घुटमळत सांगू लागले. स्वेन त्याच ऑगस्टमध्ये कुंपणाशी वीज पडून गेला. त्याची सगळी वासरं नेहमीप्रमाणे बाजारात गेली होती, एकही ठेवलं नव्हतं. म्हणजे त्याचा वंश उरलाय तो तुमच्याच गोठ्यात. बराच वेळ दाराची कडी हलवत राहिले आणि मग म्हणाले, ‘मेट्रोला विचारशील का? मला तोंड नाही. या उन्हाळ्यात त्याचा वळू माझ्या गाईंत चार दिवस सोडेल का?’ मामा, मी नीट कान देऊन ऐकलं. ते ‘स्वेनचा मुलगा’ म्हणाले नाहीत. ‘त्याचा वळू’ म्हणाले.