कुलपाबाहेरची जेवणाची सुट्टी

चिरंजीव रामकिशन यास,

लातूरहून केरबामामाचा जय भीम आणि पोटभर आशीर्वाद. (पोटभर एवढ्यासाठी, की पत्र पोटाबद्दलच आहे.) आम्ही इकडं बरे आहोत. नांदेडला तू, सूनबाई आणि माझी अक्का खुशाल असाल. अक्काच्या गुडघ्याला निरगुडीचा पाला शेकून बांधत जा. आमचा नवा जिल्हा झाला, कचेऱ्यांवर पाट्या लागल्या, साहेब आले, जीपा आल्या. पाऊस तेवढा यायचा राहिला.

गेल्या खेपेला तू बोलून गेलास, की सलग पाच तास राबलं की कामगाराला अर्धा तास विसावा द्यावाच लागतो, तसा कायदा आहे. तू लेबर हापिसातला, खोटं कशाला बोलशील? आणि मी दाळमिलचा गेटवाला, गप्प कशाला बसेन? (आपल्या घराण्यात ऐकलेलं पचत नाही, अक्काला विचार.)

आमच्याकडं बाया दाळीतले खडे निवडतात. सुट्टी अशी कधी नव्हतीच. भूक लागेल तशा दोघी-तिघी पोत्यांच्या थप्पीच्या सावलीला फडकी सोडायच्या, बाकीच्या त्यांची सुपं सांभाळायच्या. रांजण हाताशी. मलाही हाक यायची. सुमनबाई, म्हणजे त्या सगळ्यांची म्होरकी, ठेचा पुढं सरकवायची. पण शेठची हाक आली की तोंडाजवळचा घास खाली ठेवून उठायचं. ते बघवेना, म्हणून मी शेठपुढं कायदा मांडला.

शेठ गुळाच्या भेलीसारखा गोड झाला. म्हणाला, ‘केरबा, कायदा म्हणजे कायदा! उद्यापासून सुट्टी सक्तीची. त्या वेळेची मजुरी नाही. पुरी मजुरी पाहिजे तर सांजच्याला तेवढं जादा थांबा. अन् सुट्टीत आत कुणी दिसायचं नाही.’ मग बायांना बाहेर काढून कुलूप लावायचं कुणी? गेटवाल्यानं. म्हणजे माझ्याच हातानं.

आता भर दुपारी बाया सडकेच्या कडेला बसतात. तिथल्या लिंबाचा पाला दुष्काळात शेळ्यांनी खाल्ला. सावली पडते ती खराट्याएवढी. मी आतून गेटाच्या गजांमधून पाण्याचे तांबे देत राहतो. परवा सुमनबाई सवयीनं रेशनच्या भातातला खडा काढत होती, तर शेठ खिडकीतून ओरडला, सुट्टीत निवडायचं काम बंद! ती भडकली, पण माझ्यावर. ‘मामा, भूक कवा लागायची तेबी तुमीच ठरवून आले का?’ तेव्हापासून बोलणं बंद, ठेचाही बंद.

तिचं खोटं नाही रे. मी वेळ मागितली. सावली मागितली नाही, पाणी मागितलं नाही. बाजारात बैल घ्यायला जाऊन नुसतं दावं घेऊन आलो. आणि ज्यांच्यासाठी मागितलं, त्यांना आधी विचारलंसुद्धा नाही. हे मनाला लई लागून राहिलं आहे.

थोरांना नमस्कार, पोरांना मुके.

तुझा,
केरबामामा

ता. क. : खरं काम हे, की एकदा साहेबाला घेऊन मिलवर ये. जेवायला सावली आणि पाणी आतच द्यावं असं कायद्यात असेल, तर मोठ्यानं वाच. नसेल तर नुसता चष्मा पुसत उभा राहा. शेठ तेवढ्यानंही घाबरेल.

आणखी ता. क. : या खेपेला शहाणा झालो. पाकीट बंद करायच्या आधी पत्र गजांतून बायांना वाचून दाखवलं. मग सुमनबाईच बोलली, ‘समदं लिवलं, पर गेटवाल्याची सुट्टी कुठं हाय ह्यात?’ खरंच रामकिशन, ती मागायची राहूनच गेली. तेवढी मागण्यांत घाल. सावली-पाण्याचं होईल तेव्हा होईल, तोवर माझी सुट्टी गेटाबाहेर लाव. आत सावली आहे, रांजण आहे. पण जेवायला माणूस नाही.