एक आबा, दोन पत्ते

२२ एप्रिल, सांगली

माणसांच्या पाण्याचा टँकर वस्तीवर, मेंढरांच्या पाण्याचा टँकरही वस्तीवरच! आबा, माझे वडील, कळप घेऊन पल्याडच्या माळावर. आई म्हणाली, घरची टाकी भरून वाहतेय. आणि जत तालुक्यातले हे टँकर ज्या ॲपवर पळतात, ते आमच्याच ऑफिसचं. कपाळ माझं!

२३ एप्रिल

सापडलं. वरदने, म्हणजे आमच्या टीम लीडने, कोडमध्ये 'कुटुंब' असा एक क्लास, म्हणजे नोंदीचा साचा, केलाय. त्याचे सगळे गुण घेणारे वारस-साचे दोन – 'शेतकरी' आणि 'मेंढपाळ'. शेतकऱ्याचा पत्ता घराचा, मेंढपाळाचा पत्ता कळप असेल तिथला. आबांसारख्यांसाठी या दोघांचाही वारस असलेला तिसरा क्लास. त्याला पत्ता विचारला की ज्याचं नाव आधी लिहिलंय त्याचा सांगतो. आधी लिहिलाय शेतकरी!

वरद सांगली शहरात वाढलेला. त्याला वाटलं, दोन्ही करणारा एखादाच असेल. अरे, आमच्याकडे घरटी हेच चालतं!

ड्रायव्हरला फोन केला. मोबाईल दाखवेल तिथंच पाणी सोडायचं, नाहीतर खेप धरत नाहीत म्हणे.

२४ एप्रिल

वरद म्हणाला, नावांची अदलाबदल कर, मेंढपाळ आधी. ऑफिसातच कॉम्प्युटरवर चालवून बघितलं. दोन्ही टँकर माळावर! मग आई काय पिणार?

डोकंच फिरलं. सांगून टाकलं, हे वारसाचं लफडंच काढते. कुटुंब एकच ठेवायचं. त्याला शेत जोडायचं, कळप जोडायचा, ज्याचा पत्ता त्याच्यापाशी. तो म्हणाला, सगळं उकरावं लागेल.

उकरीन.

२५ एप्रिल

आबांचा फोन. म्हटलं, थोडं थांबा, नीट करतेय.

"मी थांबतो गं. मेंढरं कशी थांबतील?"

परत कामाला बसले.

२६ एप्रिल

जुन्या नोंदी नव्या रचनेत बसेनात. लय चिडचिड. वरद चहा घेऊन आला, शेजारी बसला आणि नव्या कोडच्या चाचण्या लिहायला लागला. बरा आहे तसा.

२८ एप्रिल

झालं!! एक टँकर वस्तीवर, एक माळावर. नकाशावर दोन ठिपके वेगवेगळ्या वाटेला लागलेले बघून मी ओरडलेच.

२९ एप्रिल

आबांना फोन लावला. ते घरीच.

"माळावर टँकर येऊन गेला म्हनं. मेंढरं परवाच्या बाजारी इकली, प्रांजल. तू कामात हुतीस, म्हनून सांगितलं न्हाई."

खूप रडले. आता आबा नुसते शेतकरी. वरदच्या जुन्या कोडनेही त्यांचा पत्ता बरोबर सांगितला असता.