लाजणं आणि लाज वाटणं

मालवण,
रविवार, ता. ३० नोव्हेंबर १९५८

ती. सौ. मथुराताईस,

धाकट्या गुरुदासाचा नमस्कार, आणि वाचून होईपर्यंत राग आवर ही विनंती. मी बरा आहे. भावोजींचा खोकला कमी झाला का? तू पाठवलेलं कुळथाचं पीठ आणि सोलं पोचली. पिठी करतो, पण ती अजून गुठळ्यांचीच होते. हे पत्र वाचून चुलीत घाल, भावोजींनासुद्धा दाखवू नकोस.

तुझ्या शेजारच्या दत्ताराममामांची आनंदी मी का नाकारली, हे तू तिसऱ्यांदा विचारते आहेस. पत्रिका जुळत नाही म्हटलं, तर तू उलट टपाली झाडलंस, "पत्रिका मीच दाखवून घेतलंय, थापा कोणाक मारतंस?" मग मी तिचं इंग्रजी कच्चं असल्याचं कळवलं. तीही थापच.

दिवाळीत आम्ही मुलगी बघायला आलो तेव्हा तू आत काशीमामीबरोबर पोहे परतत होतीस. ओटीवर काय झालं ते तुला धड दिसलं नसेल. लोक मुलीला स्वयंपाक विचारतात, सुईत दोरा ओवायला लावतात. आपण पडलो मोठे शहाणे! बरोबर दोस्त भाई होता, त्याच्यासमोर ऐट नको का? मी विचारलं, "इंग्रजीत शाय आणि अशेम्ड असे दोन शब्द आहेत. फरक सांगा."

तिने पोह्यांची बशी खाली ठेवली आणि सांगितलं, "शाय म्हणजे लाजणं, अशेम्ड म्हणजे लाज वाटणं. नवं लुगडं नेसून चारचौघांत आलं की माणूस लाजतं. वाईट वागलं की लाज वाटते, मग बघायला कोणी असो नसो."

मी म्हटलं, "चूक. दोन्ही एकच. लाज ती लाज."

भाई फिदीफिदी हसला. दत्ताराममामांचं तोंड उतरलं. आनंदीने एकदा माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. "चेडू लाजलां रे!" भाई म्हणाला. मीही हसलो, आणि वर पोहे मागून घेतले.

काल तुझं पत्र आलं. मामा म्हणतात, "अकरावीपर्यंत शिकान काय उजेड पाडल्यान? पावण्यांसमोर हसां केल्यान!" आणि मॅट्रिकच्या फॉर्मवर सही करायला तयार नाहीत. मुदत येत्या शनिवारपर्यंत. पोरगी नुसती तळ्यावर धुणं घेऊन जाते, असं तू लिहितेस. मी ते चारदा वाचलं.

ताई, तिचं उत्तर बरोबर होतं. तू म्हणशील, जाऊ दे रे, चुकतो माणूस, मागाहून कळलं ना? मागाहून कळलं असतं तर देव पावला असता. मला तिथेच ठाऊक होतं.

गणपतीनंतर एकदा मी बंदरावरच्या आमच्या कचेरीत उशिरा पोचलो. साहेबांना इंग्रजीत माफीचा अर्ज लिहिला, "उशिराबद्दल मी फार शाय आहे." साहेबांनी तो सगळ्यांसमोर मोठ्याने वाचला आणि म्हणाले, "अहो, लाजायला तुम्ही काय नवरी आहात?" शिपायाने डोक्यावरून पंचा घेतला आणि मुरकून दाखवलं. त्या दिवसापासून बंदरावर माझं नाव नवरी. शायच्या जागी काय लिहायचं ते साहेबांनी तिथेच फोड करून सांगितलं.

तोच प्रश्न मी तुमच्या वालावलला घेऊन आलो. म्हटलं, खेड्यातल्या मुलीला कुठे येणार? ती अडखळली की आपण समजावून सांगू. आणि तिने तर साहेबांपेक्षा सोपं करून सांगितलं. मला ते सोसलं नाही. एवढ्याशा मोठेपणासाठी मी तिला सर्वांदेखत खोटं पाडलं. माझ्यासारखा नीच मीच.

आणि ती लाजली नव्हती गं. मला खोटं बोलताना तिने बघितलं. तिला माझी लाज वाटली.

तेव्हा वर चुलीत घाल म्हणून लिहिलंय ते खोडलं समज. बुधवारच्या येस्टीने मी येतो, भाईलाही धरून आणतो. मामांच्या ओटीवर, काशीमामी आणि आनंदी असताना, हे पत्र तू मोठ्याने वाच. माझ्या तोंडून निघायचं नाही; आयत्या वेळी मी पुन्हा काहीतरी थाप ठोकीन. मी पायरीवर बसेन. नवरीचं गाळू नकोस. भाई हसला तर हसू दे. सोयरिकीचा मात्र शब्द काढू नकोस, ते तोंड मला नाही. मामांची सही झाली की मी आल्या गाडीने परत फिरेन.

ज्याची आनंदीला लाज वाटली, तो तुझा भाऊ,
गुरुदास