न विचारता राजूरला

मस्तगड, जालना
४ ऑगस्ट १९९४

तीर्थरूप बद्रीदादांस उषाचा शि. सा. न. वि. वि.

यांच्या हाताची जखम भरत आली आहे. डाळ मिलच्या पट्ट्यात अडकलेली बोटं मात्र गेलीच. शेठ भरपाई द्यायला तयार नाहीत. म्हणतात, भुजंग पोत्यामागे पैसे घ्यायचा, म्हणजे तो ठेकेदार; आमचा कामगार नव्हेच. इतकी वर्षं तीच मशीन चालवली, दादा! आणि हे उलट शेठचीच बाजू घेतात. त्यांचं मीठ खाल्लं, आता कोर्टात कोणत्या तोंडाने उभा राहू, म्हणतात. मला असा संताप येतो की विचारू नका. उजवा हात असा झाला, पुढे करायचं काय?

वहिनींना नमस्कार. माया आहेच, ती पत्रातूनही येऊ द्या.

तुमची,
उषा

राजूर
११ ऑगस्ट १९९४

चि. सौ. उषास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून वहिनी आधी रडली, मग तिने शेठला शिव्या दिल्या. त्या इथे लिहीत नाही. मी देवानंद वकिलांना भेटून आलो. ते म्हणाले, मजुरी पोत्यावर की महिन्यावर, एवढ्यावरून ठरत नाही. हुकूम कोणाचा चालत होता, ते कोर्ट पाहतं. भुजंगरावांना सांग, मीठ फुकटचं नव्हतं. लग्नात मनासारखा फेटा मिळाला नाही म्हणून मांडवाबाहेर रुसून बसलेला माणूस हक्कासाठी का रुसत नाही?

अर्ज करा, मी तुमच्या सोबत आहे. धीर सोडू नकोस, लोभ ठेव.

तुझा,
बद्रीनाथ

मस्तगड, जालना
२० फेब्रुवारी १९९६

ती. बद्रीदादांस सा. न. वि. वि.

जिंकलो, दादा! शुक्रवारी निकाल लागला. हे कामगारच ठरले, भरपाई मिळणार.

सगळं घडवलं ते शेठच्या साक्षीनेच. यांना नावं ठेवायच्या भरात ते म्हणाले, माणूस बेशिस्त. अंगारकीला न विचारता राजूरच्या गणपतीला गेला, म्हणून दुसऱ्या दिवशी गेटबाहेर उभा केला. त्यावर जजसाहेबांनीच विचारलं, "ठेकेदाराला देवाला जायला तुमची परवानगी कशाला लागते?" शेठ पाणी मागू लागले.

येत्या चतुर्थीला तुमच्याकडे यायचं ठरवलं. ठरताच हे चपला घालून निघाले. कुठे निघालात विचारलं, तर जुन्या सवयीने म्हणाले, "शेठला इचारून येतो." दारातच थांबले आणि हसत सुटले. बोटं गेल्यापासून पहिल्यांदा हसले, दादा.

वहिनींना सांगा, मुक्कामाला येतोय. लोभ असू द्या, आणि आम्हाला लवकर परत पाठवू नका.

तुमची,
उषा